मसूर, बदाम आणि एक निनावी डबा

परीक्षेला बावीस दिवस उरले असताना आमची कन्या अभ्यासाच्या सुटीवर घरी आली. बरोबर दोन बॅगा, एक कवटी आणि एका हातात एकच मावेल अशी जाडजूड पुस्तकं. कवटी प्लास्टिकची आहे हे माझ्या आईला पटवण्यात अर्धा तास गेला. पटल्यावरही ‘प्लास्टिकची असली म्हणून काय झालं, तोंडवळा माणसाचाच आहे ना’ असं म्हणून तिने ती देवघराच्या भिंतीपासून लांब ठेवायला लावली. शेवटी कवटीची स्थापना फ्रिजवर झाली. दूध काढायला गेलं की ती आपल्याकडे बघते. मग सवय झाली. पुढे तर मी स्कूटरची किल्ली तिच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीत ठेवू लागलो, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ती किल्ली रोज सकाळी सापडू लागली.

हाडं, स्नायू, पोटातली आतडी हे सगळं कन्येने पार केलं होतं. घोडं अडलं होतं मेंदूपाशी. ॲनाटॉमीत मेंदूचे भाग, फिजिऑलॉजीत त्या भागांचं काम, बायोकेमिस्ट्रीत त्यांची रसायनं, आणि तिन्हीकडे मागच्या दाराने शिरणारे रोग. म्हणजे एकाच खातेदाराची तीन शाखांत तीन खाती, आणि एकाही शाखेला दुसरीतली शिल्लक माहीत नाही.

‘‘बाबा, तुम्हाला काही कळायची गरज नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही फक्त पुस्तक धरायचं आणि मी म्हणते ते त्यात तसंच आहे का बघायचं.’’

मी एका सहकारी बँकेत सव्वीस वर्षं चेक पास करतो आहे. काही कळायची गरज नसताना समोरची सही नमुन्याच्या सहीशी जुळते का ते बघणं, हेच माझं जन्माचं कौशल्य. तेच काम घरात मिळालं म्हणून मी खूश झालो.

पहिल्या रात्री पुस्तक धरलं ते दोन्ही हातांनी, पोथीसारखं. देहातल्या सगळ्यात थोर अवयवाच्या भागांना भारदस्त नावं असणार, बुद्धिपीठ, विवेकद्वार असं काहीतरी, अशी माझी समजूत. प्रत्येक नाव आलं की मी भाबडेपणाने अर्थ विचारायचो. निघालं काय, तर वाणसामानाची यादी. ॲमिग्डाला म्हणजे बदाम. लेंटिफॉर्म न्यूक्लियस म्हणजे मसुराच्या आकाराचा. पुटामेन म्हणजे टरफल. ऑलिव्ह म्हणजे ऑलिव्हच. वाणसामान संपलं की प्राणी सुरू: हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा, व्हर्मिस म्हणजे अळी, कॅल्कार एव्हिस म्हणजे कोंबड्याच्या पायाची नखी, आणि खाली कण्याच्या तळाशी कॉडा इक्वायना, म्हणजे घोड्याची शेपटी. मग बांधकाम खातं. पॉन्स म्हणजे पूल, फॉर्निक्स म्हणजे कमान, टेक्टम म्हणजे छप्पर, थॅलॅमस म्हणजे आतली खोली. त्या खोलीत पुल्व्हिनार नावाची उशीसुद्धा आहे. चटई तेवढी राहिली असेल असं मी म्हणालो, तर कन्येने पान उलटून टपेटम दाखवलं. त्याचा अर्थ गालिचा.

याचं कारणही तिनेच सांगितलं. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना या भागांचं काम काय हे ठाऊकच नव्हतं. मेंदू कापून पुढ्यात ठेवलेला. आकार दिसतोय, काम काही दिसत नाही. वाड्यात नवं बिऱ्हाड आलं की नाव कळेपर्यंत आपण ‘तो मिशीवाला’, ‘ती हिरव्या स्कूटीवाली’ म्हणतो, त्यातला प्रकार. हिप्पोकॅम्पसला ते नाव देणारा सोळाव्या शतकातला इटालियन, ज्यूलिओ चेझारे अरांझी. त्याचंही नक्की नव्हतं. समुद्रघोडा म्हणावं की रेशमाचा किडा, अशी दोन्ही नावं लिहून तो मोकळा झाला. हा तुकडा माणसाची आठवण सांभाळतो हे कळायला पुढे साडेतीनशेहून जास्त वर्षं लागली. तोवर नाव पक्कं झालं होतं. मिशीवाल्याने मिशी काढली तरी तो मिशीवालाच राहतो.

एका जागेपाशी मात्र सगळ्यांची कल्पनाशक्ती संपली, किंवा बहुधा संध्याकाळ झाली असावी. तिथे त्यांनी लिहून टाकलं, सबस्टॅन्शिया इनॉमिनाटा. म्हणजे निनावी पदार्थ. आणि हे त्याचं अधिकृत नाव आहे, परीक्षेत विचारतात. आमच्या बँकेत यालाच सस्पेन्स अकाउंट म्हणतात. मला त्या मेंदूबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

मेंदूभोवती तीन आवरणं असतात. सगळ्यात बाहेरचं ड्यूरा मेटर, म्हणजे कडक आई. सगळ्यात आतलं पाया मेटर, म्हणजे मायाळू आई. मधलं ॲरॅक्नॉइड, कोळ्याच्या जाळ्यासारखं. आवरणाला ‘आई’ म्हणायची रीत अरबी वैद्यांची, लॅटिनवाल्यांनी ती जशीच्या तशी उचलली. घरात एक कडक आई, एक मायाळू आई आणि मध्ये जाळं, ही रचना मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. मी पंचवीस वर्षं त्याच जाळ्यात राहतो.

‘‘आजी म्हणजे ड्यूरा,’’ कन्या पुटपुटली.

‘‘मला काय म्हणालीस गं?’’ आतल्या खोलीतून, म्हणजे थॅलॅमसमधून, आवाज.

‘‘सगळ्यात बाहेरचं संरक्षण म्हणाले, आजी.’’

‘‘मग बरोबर.’’

खरा छळ सुरू झाला तो बारा क्रेनियल नर्व्ह्जपाशी. ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर, ट्रॉक्लिअर, ट्रायजेमिनल, ॲब्ड्युसेन्स, फेशियल, व्हेस्टिब्युलोकॉक्लिअर, ग्लॉसोफॅरिंजियल, व्हेगस, ॲक्सेसरी, हायपोग्लॉसल. हा क्रम लक्षात राहावा म्हणून जगभरच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाक्यं रचली आहेत. त्यातली बरीचशी कन्येने मला ऐकवली नाहीत. ‘‘ती हॉस्टेलची आहेत, बाबा,’’ एवढंच म्हणाली. मी आग्रह धरला नाही. पण आमचं घर पुणे-बंगळूर हायवेला लागून. रात्री झोप लागेना तेव्हा बाहेरच्या आवाजांतून मला वाक्य सुचलं, आणि सकाळी मी ते चहाबरोबर सादर केलं:

‘ओ, ओ, ओ ट्रकवाले, ट्रॅफिक अडलंय, फाटकाशी वेटर ग्लास वाजवत अजून हसतोय.’

बारा शब्द, बारा नर्व्ह्ज, चुकायला जागा नाही. कन्येने बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं, आणि चहा गार होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मला तेव्हा तो आदर वाटला होता.

यातला ट्रकवाला, म्हणजे ट्रॉक्लिअर, माझा लाडका झाला. बाराजणांत सगळ्यात बारीक, आणि बाकी सगळे पुढच्या अंगाने मेंदूबाहेर पडत असताना हा पठ्ठ्या एकटाच मागच्या बाजूने निघतो आणि वळसा घालून डोळ्याशी येतो. काम काय, तर डोळ्याचा एकच स्नायू हलवणं. तो बिघडला तर जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात आणि माणूस मान एका बाजूला कलती ठेवून चालतो. हे वाचल्यापासून जिना उतरताना मी दर पायरी मोजतो. आमच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. एकदा एकोणीस भरल्या तेव्हा मी मधेच खाली बसलो होतो.

व्हेगस म्हणजे भटक्या. डोक्यातून निघतो, गळ्यात थांबतो, हृदयाला भेटतो, फुप्फुसांत डोकावतो आणि थेट पोटापर्यंत जातो. आई म्हणाली, ‘‘वारकरीच की.’’

आणि मेंदूचं पाणी! सुमारे चौदाशे ग्रॅमचा हा मेंदू एका पाण्यात तरंगत असतो, त्यामुळे कवटीच्या तळाशी त्याचं वजन पन्नास ग्रॅमच्या आसपासच जाणवतं. पाणी एकूण दीडशे मिलिलिटर, पण रोज तयार होतं पाचशे. म्हणजे दिवसातून तीनदा टाकी भरते आणि तीनदा रिकामी होते. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के भरणारा हा इसम शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो, आणि हे काम बसून, अंधारात, कुणाला न दिसता. असे दोन अधिकारी माझ्याही ओळखीचे आहेत. पण त्यांच्याकडून काम काही बाहेर येत नाही.

या सगळ्यात आमची ही कुठे होती, असं कुणी विचारील. कुठेच नव्हती. म्हणजे घरातच होती. पण ती काय करत होती हे मला सांगता येणार नाही, आणि इथेच तर खरी गोम आहे.

सुटीच्या नवव्या दिवशी हिच्या भावाच्या चिपळूणच्या नव्या घराची वास्तुशांत आली. लेकीची परीक्षा तोंडावर असताना जावं की नाही, म्हणून ही घुटमळत होती. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘‘तू निर्धास्त जा. घरात तीन मेंदू आहेत.’’ कुंभार्ली घाट उतरून ही गेली, ती आठ दिवसांसाठी.

त्या रात्री कन्येने मला मेंदूशास्त्राचं गुपित सांगितलं. कोणता भाग काय करतो, हे माणसाला कळलं कसं? चालत्या मेंदूकडे बघून नाही कळलं. बंद पडल्यावर कळलं. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या सर्जनकडे एक रोगी आला. त्याला समोरच्याचं सगळं समजायचं, पण बोलता यायचा जवळजवळ एकच शब्द, ‘टॅन’. काहीही विचारलं तरी टॅन. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात एक जागा खराब झालेली. म्हणजे बोलणं तिथे राहतं. मी हे ऐकून गप्प झालो, कारण माझ्या बाबतीत हिचं वर्षानुवर्षांचं निदान नेमकं हेच आहे: ऐकू येतं, समजतं, पण उत्तर एकच, ‘हं’.

नंतर जर्मनीचा वर्निके. त्याने 1874 साली उलटे रोगी वर्णन केले: बोलणं अस्खलित, सूर लागलेला, वाक्यांवर वाक्यं, अर्थ शून्य. कन्या म्हणाली, हे डोळ्यांपुढे आणणं कठीण जातं. मी तिला आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला घेऊन जायचं कबूल केलं.

‘‘थोडक्यात,’’ ती म्हणाली, ‘‘मेंदूतला एक भाग काढून टाकायचा आणि काय काय बंद पडतं त्याची यादी करायची. याला लीजन स्टडी म्हणतात.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आमच्या घरात लीजन स्टडी सुरू झाला.

पहिलं लक्षण, दूध. दूधवाला बेल वाजवून गेला, पिशवी दारात, दारातून ती कुणी आणायची हे कोणत्याही मेंदूत नोंदलेलं नव्हतं. साडेसातला मांजराने ते काम केलं. दुसरी पिशवी आणून गॅसवर ठेवली, ती उतू जाऊन करपली. आणि तिघं घरात असून वास एकालाही आला नाही. ‘‘ॲनॉस्मिया,’’ कन्या म्हणाली. ‘‘पहिली नर्व्ह.’’ आणि वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कळलं की पाण्याची मोटर आपोआप बंद होत नाही. पंचवीस वर्षं मी समजत होतो की टाकी भरली की ती आपली आपण थांबते.

चौथ्या दिवशी आमटी. फोडणीला जिरं घ्यायला मी मांडणीपुढे उभा राहिलो. जिरं समोर होतं, शहाजिरं समोर होतं, ओवा समोर होता, बडीशेप समोर होती. चारही मला स्पष्ट दिसत होते, आणि चौघांपैकी जिरं कोण हे सांगता येत नव्हतं. ‘‘व्हिज्युअल ॲग्नोसिया,’’ कन्या आनंदाने ओरडली. ‘‘बघता येतं, ओळखता येत नाही! बाबा, तुम्ही टेक्स्टबुक केस आहात.’’ माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सर्वांत मोठं शैक्षणिक प्रशस्तिपत्रक.

त्याच मांडणीत, मागच्या रांगेत, एक ॲल्युमिनियमचा डबा सापडला. आत करड्या-तपकिरी रंगाची पूड. वास म्हणावा तर किंचित खमंग, किंचित औषधी. मेतकूट नव्हे, गोडा मसाला नव्हे, सातू नव्हे. मी जिभेच्या टोकावर घेऊन पाहिली. कन्येने ती कोणत्या नर्व्हने चाखली ते विचारलं (जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश फेशियल, मागचा एक-तृतीयांश ग्लॉसोफॅरिंजियल, फाटक आणि ग्लास), पण पूड कशाची ते ठरेना. आईला दाखवली. ती म्हणाली, ‘‘माझ्या वेळची नाही.’’ शेवटी कन्येने पट्टीवर मार्करने लिहून डब्याला चिकटवलं: सबस्टॅन्शिया इनॉमिनाटा. डबा जागच्या जागी गेला.

रात्री हिचा फोन यायचा. तुळशीला पाणी घातलं का? घातलं. गॅस सिलिंडरचा नंबर लावला का? लावला. आईंची संध्याकाळची गोळी? दिली. यातलं गोळीचं तेवढं खरं होतं, कारण ती आई स्वतःच घेते. फोन ठेवल्यावर कन्या म्हणाली, ‘‘बाबा, हे कन्फॅब्युलेशन.’’ म्हणे कॉर्साकॉफ सिंड्रोममध्ये, थायमिन कमी पडून मेंदूच्या तळाची मॅमिलरी बॉडीज वगैरे बिघडली की रोगी आठवणीतली भोकं मनाने बुजवतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला स्वतःला ते खरंच वाटतं. मला केवढा धीर आला! फक्त हे हिला समजावताना थायमिनपासून सुरुवात करावी की मॅमिलरी बॉडीजपासून, याचा विचार मी बराच वेळ करत बसलो.

पाचव्या संध्याकाळी मी भजी आणली. सहाव्या संध्याकाळी भजी आणि जिलबी. सातव्या दिवशी बनियनवर, पाय टीपॉयवर, मिसळ. कन्येने फिनिअस गेजचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. 1848 साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेसाठी सुरुंग ठासताना सहा किलोंची लोखंडी पहार याच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. माणूस वाचला, चालत-बोलत राहिला, बारा वर्षं जगला. पण पुढचा मेंदू गेला. पूर्वीचा जबाबदार मुकादम उर्मट आणि लहरी झाला, आणि मित्र म्हणू लागले की हा आमचा गेज नव्हेच. ‘‘फ्रंटल लोब म्हणजे ब्रेक,’’ कन्या म्हणाली, माझ्या पायांकडे बघत. मी पाय खाली घेतले. आमच्या घराचा ब्रेक तेव्हा चिपळूणला माहेरच्या झोपाळ्यावर होता.

आता आईबद्दल. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांना एक खोड असते: वाचलेला प्रत्येक रोग त्यांना आधी स्वतःला होतो, मग घरच्यांना. स्वतःला तीन ट्यूमर होऊन गेल्यावर कन्येची नजर आजीवर पडली. पार्किन्सन्सचं प्रकरण चालू होतं. पुस्तकात लिहिलेलं, हात मांडीवर स्वस्थ असताना अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहतात, जणू माणूस गोळ्या वळतोय. सेकंदाला चार ते सहा वेळा. कन्येने मान वर केली. समोर आजी. हात मांडीवर. अंगठा बोटांवर फिरतोय.

तिचा चेहरा पांढरा पडला. मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. ‘‘बाबा, पिल रोलिंग!’’ माझ्याही पोटात गोळा आला. आम्ही दोघं दाराआडून मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजू लागलो. एका मिनिटात पंधरा फेऱ्या निघाल्या. म्हणजे चार सेकंदांना एक. कन्येने पुस्तक पाहिलं, परत मोजलं. पुन्हा पंधरा.

‘‘दाराआड काय बघताय रे दोघं?’’ आई न वळता म्हणाली. ‘‘माळ देवघरात राहिली म्हणून पेरांवर जप करतेय. अकरा वेळा चुकवलात तुम्ही.’’

तिला मग आम्ही सगळं सांगून टाकलं. तिला जेम्स पार्किन्सन आवडला. लंडनचा डॉक्टर, 1817 साली कंपवातावर निबंध लिहिला, त्यात रोगी सहा. आणि त्यांतले काही तर त्याने तपासलेही नव्हते, नुसते रस्त्यात जाता-येता पाहिलेले. ‘‘म्हणजे पारावर बसून लोकांची चाल बघणारा,’’ आई म्हणाली. ‘‘आमच्या गावात असे पुष्कळ होते. कोणी लिहून ठेवलं नाही, एवढंच.’’

का होतो हा रोग, तर मेंदूच्या देठात सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळा पट्टा असतो, तो फिका पडत जातो. तिथल्या पेशी डोपामीन बनवतात. लक्षणं दिसायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. मग बाहेरून डोपामीन द्यावं, तर रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारा आहे, तो डोपामीनला आत सोडत नाही. पण त्याचंच कच्चं रूप, एल-डोपा, आत जाऊ शकतं. आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. आमच्या कॉलनीचा वॉचमन असाच आहे. पाहुण्याला अडवतो, पण पाहुणा कुरियरवाल्याच्या शर्टात आला की सलाम करून सोडतो.

आणि एल-डोपा कशात असतं? तर खाजकुयलीच्या बियांत. 1937 साली भारतातल्याच दोन संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. खाजकुयली म्हटल्याबरोबर आई अशी हसली की जपच सुटला. शाळेत असताना तिने एका मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुयलीची लव टाकली होती म्हणे. मास्तर तासभर टेबलाभोवती फिरत शिकवत होते. ‘‘म्हणजे औषधच दिलं की मी त्यांना.’’ ही गोष्ट मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकत होतो. कडक आईच्या आत केवढा माल असतो, हे कवटी उघडल्याशिवाय कळत नाही.

त्या रात्री आईने स्वतःहून आणखी एक गोष्ट सांगायला लावली, आणि कन्येने ऑटो लोवीची सांगितली. एक नस दुसरीला निरोप देते तो विजेने की रसायनाने, यावर तेव्हा भांडण चालू होतं. या लोवीला झोपेत प्रयोग सुचला. उठून त्याने चिठ्ठीवर खरडलं आणि परत झोपला. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दिवसभर डोकं धरून बसला. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तेच पुन्हा सुचलं. या वेळी तो कागदाच्या भानगडीत न पडता थेट प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची हृदयं घेतली. एकाचा व्हेगस, म्हणजे आमचा वारकरी, चेतवला. ते हृदय मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी घेऊन दुसऱ्यावर टाकलं, तर दुसरंही मंदावलं. पाण्यातून निरोप गेला. ते रसायन ॲसिटिलकोलीन. प्रयोग 1921 चा, नोबेल 1936 चं.

‘‘अक्षर सुधारलं असतं तर एक रात्र वाचली असती,’’ आई म्हणाली. मग कन्येच्या वहीकडे बघून, ‘‘तुझं तरी सकाळी लागतं का?’’

नवव्या दिवशी ही परत आली. दारातच थांबली, एक खोल श्वास घेतला, आणि आठ दिवसांचा इतिहास नाकाने वाचून काढला: करपलेलं दूध, मिसळ, न लावलेलं सिलिंडर. तुळस तर बोलूनच दाखवत होती. मी थायमिनपासून सुरुवात केली. हिने हात वर केला. मी म्हणालो, ‘‘हं.’’

तासाभरात मोटर चालू होऊन वेळेवर बंद झाली. कशी, ते मी याही खेपेला पाहिलं नाही.

परीक्षा झाली. लेखीचं कन्या काही बोलली नाही. तोंडीच्या संध्याकाळी तिचा फोन आला. बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक, समोर ट्रेमध्ये फॉर्मलिनमधून काढलेला मेंदूचा देठ. त्यांनी चिमट्याने मागच्या बाजूचा एक बारीक धागा उचलून विचारलं, ही कोणती? तिला उत्तर येत होतं, पण घशात अडकलं. क्रम धरायचा म्हणून ती ओठांतल्या ओठांत सुरू झाली, ओ, ओ, ओ...

‘‘ओ काय?’’ परीक्षक म्हणाले. ‘‘मला हाक मारताय का?’’

घाबरून तिने अख्खं वाक्य मोठ्याने म्हणून टाकलं. वेटर, ग्लास, हसण्यासकट. शेजारच्या टेबलावरचे परीक्षकही वळून बघायला लागले. क्षणभर शांतता. मग यांनी चिमटा खाली ठेवला, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, ‘‘सावकाश. ट्रकवालेच्या पुढे काय?’’ आणि लिहून घेतलं.

‘‘कोणाचं आहे हे?’’

‘‘बाबांचं.’’

‘‘कुठे असतात? न्यूरोला?’’

‘‘बँकेत, सर.’’

हे मी हिला तिखटमीठ लावून सांगत होतो, तेव्हा ही मांडणी आवरत होती. मागच्या रांगेतून तिने तो ॲल्युमिनियमचा डबा काढला. पट्टी वाचली. झाकण उघडलं, वास घेतला. चिमूटभर पूड तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. जिभेला लावली. मी श्वास रोखून उभा. अरांझीपासून आजवर कुणाला न सुटलेलं कोडं आता सुटणार होतं.

‘‘कशाची आहे?’’ मी विचारलं.

‘‘आठवत नाही बाई,’’ ही म्हणाली, आणि झाकण घट्ट लावून डबा पुन्हा मागच्या रांगेत सरकवला. ‘‘पण टाकू नका. लागते कधीतरी.’’